माडाचा गेंड्या भुंगा : त्याचे रूप, त्याचा मुलूख आणि आपली गायरी



रेडिओवर गेंड्या भुंग्याविषयी बोलणे झाले की पत्रे येतात, आणि बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो : “साहेब, माडाच्या शेंड्यात औषध कोणते घालू?” प्रश्न रास्त आहे. भोक शेंड्याला दिसते, म्हणून औषधही शेंड्याला, हा हिशेब कोणीही करील. मी नोकरीला लागलो तेव्हा मीही तसाच करीत होतो. पण हा हिशेब अर्धाच आहे. उरलेला अर्धा समजायचा तर या किड्याची कुंडली मांडावी लागते. तो मूळचा कुठला, समुद्रापार कसा गेला, कुठे त्याने बागा उजाड केल्या आणि कुठे तो हरला, हे पाहावे लागते. म्हणून या पत्रकात उपाय शेवटी दिले आहेत, आधी इतिहास सांगितला आहे. एवढे वाचून झाले की आपण माडाच्या शेंड्याआधी गायरीकडे बघाल, असा मला भरवसा वाटतो.

भुंगा कसा ओळखावा?

गेंड्या भुंगा अंगाने जाड, काळा किंवा काळसर तपकिरी आणि पाठीवर तकतकीत असतो. लांबी साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर, म्हणजे दीड ते दोन इंच. डोक्यावर मागे वळलेले एक शिंग असते. गेंड्यासारखे ते शिंग, म्हणून नाव गेंड्या. नराचे शिंग लांब, मादीचे आखूड. पण शिंगावर फार विसंबू नये, कारण लहान चणीच्या नराचे शिंगही आखूडच असते. खात्रीची खूण मागच्या बाजूला बघावी. मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा दाट झुबका असतो, नराला तसा नसतो.

दुसरा एक किडा माडाला लागतो, तो सोंड्या भुंगा. तो तांबडा असतो आणि त्याला पुढे लांब सोंड असते. त्याची अळी माडाच्या आत राहून खोड पोखरते. या दोघांची गल्लत करू नका. गेंड्याची अळी माडाला तोंडही लावत नाही. माड खातो तो मोठा झालेला भुंगा. रात्री उडत येऊन तो शेंड्यातल्या न उमललेल्या सुईत शिरतो, आतला कोवळा भाग चावून त्याचा रस पितो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. पुढे ती झावळी उमलते तेव्हा पाती कात्रीने कापल्यासारखी तिरकी छाटलेली दिसतात. दुरून पंख्यासारखा किंवा त्रिकोणी काप दिसला, की समजावे गेंड्या येऊन गेला. पोय उमलण्याआधीच कुरतडली, तर त्या पोयीचे नारळ गेले. मोठा माड असे वार सोसतो. दोन-तीन वर्षांच्या रोपाचा मात्र कोंबच मरतो आणि रोप जाते. शिवाय भुंग्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो, हे वेगळेच.

अळी कुठे असते? कुजक्यात. गायरीच्या खड्ड्यात, शेणखताच्या ढिगात, लाकडाच्या भुशात, मेलेल्या माडाच्या खोडात. मादी अशा जागी पांढरी, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी अंडी घालते. दहा-बारा दिवसांत अळी बाहेर पडते. ती पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळून पडलेली असते आणि पुरी वाढली की बोटाएवढी जाड होते. अळीची अवस्था तीन ते सहा महिने, कोषाची सुमारे तीन आठवडे आणि त्यानंतर भुंगा. भुंगा पुढे चार-सहा महिने तरी जगतो. आता हिशेब करा. आयुष्याचा निम्मा काळ तो आपल्या हाताशी, जमिनीवर, एका ढिगात पडलेला असतो. आणि आपण त्याला गाठायला जातो तीस-चाळीस फूट उंचीवर!

देशावरच्या बंधूंसाठी एक सूचना. खतात अशी अळी दिसली की आपण तिला हुमणी म्हणतो. हुमणी उसाच्या, भुईमुगाच्या जिवंत मुळ्या खाते. गेंड्याची अळी कुजलेले खाते आणि आकाराने हुमणीच्या बरीच पुढे जाते. दोघी एकाच कुळातल्या आहेत, पण दोघींची कामे वेगळी.

मूळचा मुलूख

शास्त्रात या किड्याची नोंद जुनी आहे. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याला नाव दिले, त्यातही गेंडा होताच. पुढे त्याचा गट ‘ऑरिक्टेस’ ठरला. हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ खणणारा.

त्याचे मूळ घर दक्षिण आणि आग्नेय आशिया. आपला हिंदुस्थान, श्रीलंका, ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स, चीनचा दक्षिण भाग आणि तैवान, एवढा हा पट्टा. म्हणजे तो आपल्या किनाऱ्यावर परका नव्हे. माडाखेरीज पोफळ, ताड, शिंदी, भेरली माड यांवरही तो भागवतो. कधी केळी, ऊस आणि केवडासुद्धा चावतो.

मग इतकी शतके कोकणातल्या, केरळातल्या बागा उभ्या कशा राहिल्या? कारण या मुलखात त्याच्यामागे वैरीही तितकेच होते. रानडुकरे, उंदीर, कोंबड्या आणि पक्षी अळ्या खातात. एक हिरवी बुरशी अळीला मारते. आणि एक रोग असा होता, की १९६३ पर्यंत कोणाला तो ठाऊकच नव्हता. त्याकडे पुढे येऊ.

सामोआ बेटांची गोष्ट

प्रशांत महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतली पश्चिमेकडची बेटे जर्मनांच्या ताब्यात होती. सगळा व्यापार खोबऱ्यावर चाले. माड हेच अन्न, हेच छप्पर आणि हाच पैसा. गेंड्या तिथे नव्हता. मधे हजारो मैल पाणी होते. हा भुंगा उडून उडून किती उडणार? जवळ माड आणि कुजका ढीग मिळाला तर तो फार लांब जातही नाही.

पण १९०९ साली सिलोनहून रबराची रोपे सामोआत आणली गेली आणि त्यांच्याबरोबर गेंड्या गेला. पुढच्याच वर्षी तो लोकांच्या नजरेस आला. तोवर उशीर झाला होता. त्याचा एकही वैरी त्याच्याबरोबर बोटीत चढला नव्हता. समोर माडांच्या अखंड बागा, खाली पडलेली खोडे, आणि अडवायला कोणी नाही. मग काय होणार?

सरकारने भुंगे आणि अळ्या वेचून देण्याची लोकांवर सक्ती केली. फ्रीडरिक्स नावाचा जर्मन शास्त्रज्ञ तिथे काम करीत होता. त्याने कुजक्या पाल्याचे आणि लाकडाचे सापळे-ढीग रचले आणि त्यांत हिरवी बुरशी मिसळून पाहिली. ही बुरशी आज आपल्याकडे मेटारायझियम या नावाने विकत मिळते. ती प्रथम १८७९ साली रशियातल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने ओदेसा भागात, गव्हावरच्या अशाच एका भुंग्यावर अभ्यासली होती. म्हणजे आज दुकानात ‘नवे जैविक औषध’ म्हणून जे दाखवतात, ते जवळजवळ दीडशे वर्षांपासून माणसाला माहीत आहे.

१९१४ साली बेटांवर न्यूझीलंडचा अंमल आला. राज्य बदलले, भुंगा तोच राहिला. वेचणी चालू राहिली, पण बेटांवरून तो काही हटला नाही.

एक लहान बेट जिंकले

१९२१ साली भुंगा टोंगा देशाच्या निउआतोपुतापु या लहानशा बेटावर पोचला. तिथल्या लोकांनी मात्र हात टेकले नाहीत. भुंगे वेचले, अळ्या वेचल्या, कुजकी खोडे, ओंडके आणि ढीग हुडकून नष्ट केले. हे काम वर्षानुवर्षे चालले आणि १९३० पर्यंत ते बेट भुंग्यापासून मुक्त झाले.

बंधूंनो, इथे क्षणभर थांबा. त्या काळी ना आजची फवारणीची औषधे होती, ना सापळ्यांची गोळी. एका बेटावरून हा किडा समूळ गेला, तो केवळ साफसफाईने आणि सगळ्या गावाने मिळून केलेल्या कामाने. एकाने वाडी साफ केली आणि शेजाऱ्याचा ढीग तसाच ठेवला, असे तिथे चालले नाही.

लढाईबरोबर भुंगाही पसरला

पुढे दुसरे महायुद्ध आले. बोटींची, सामानाची ये-जा वाढली, बाँबने माड कोसळले आणि जागोजाग खोडे कुजत पडली. भुंग्याला याहून चांगला संसार कुठला? १९४२ साली तो पलाऊ बेटांवर पोचला आणि दहा वर्षांच्या आत तिथले सुमारे निम्मे माड मेले. काही बेटांवर तर माड नावाला उरला नाही. त्याच सुमारास तो न्यू ब्रिटन बेटावर गेला. १९५३ साली फिजीत सापडला. १९६२ साली हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये पोचला, जिथे कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात.

या सगळ्या ठिकाणांचा नकाशा काढला तर तो भुंग्याच्या पंखांचा नकाशा होत नाही. तो होतो बंदरांचा, रोपांच्या आयातीचा, लढायांचा आणि कुजत पडलेल्या खोडांचा. भुंग्याचा मुलूख माणसाने वाढवला, ही गोष्ट मनात पक्की धरावी.

रोगाचा शोध

वेचणी अपुरी पडली, इतर देशांतून आणलेले शत्रू-किडे पुरे पडले नाहीत. तेव्हा विचार झाला की भुंग्याच्या मूळ मुलखात जाऊन बघावे, तिथे त्याला कोण आवरते. १९६३ साली हुगर नावाचे जर्मन शास्त्रज्ञ मलायात गेले. तिथे त्यांना काही अळ्या आजारी दिसल्या. अंग काचेसारखे आरपार, पोट फुगलेले, खाणे बंद. तपासणीत हा विषाणूचा रोग निघाला.

१९६७ साली मार्शल या शास्त्रज्ञाने हा रोग सामोआत सोडला. मग असे दिसून आले की रोगी भुंगा लगेच मरत नाही. तो काही आठवडे उडत राहतो, पण खाणे आणि अंडी घालणे कमी होते. त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतात. तो ज्या ज्या ढिगात शिरतो, तिथे रोग पेरतो. म्हणजे शत्रूच आपला टपालवाला झाला! सामोआत भुंगे भराभर कमी झाले. १९७० नंतर फिजी, टोंगा, मॉरिशस या बेटांवरही हाच उपाय लागू पडला. आपल्या देशात १९८० च्या दशकात लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर हा विषाणू सोडण्यात आला आणि तिथेही उपद्रव उतरला.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण २००७ साली अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर गेंड्या सापडला. सापळे लावले, ढीग हुडकायला शिकवलेले कुत्रे आणले, विषाणूही सोडला. भुंगा हटला नाही. तपासाअंती ध्यानात आले की या भुंग्याचा वंश वेगळा आहे आणि नेहमीच्या विषाणूला तो दाद देत नाही. मे २०१५ मध्ये तिथे वादळ झाले, जागोजाग झाडे पडून कुजली आणि भुंग्यांचा सुळसुळाट झाला. याच वंशाचा भुंगा २०१३ साली हवाईत आणि २०१५ साली सॉलोमन बेटांवर आढळला. तेव्हा आपल्यामागे विषाणूचा रखवालदार आहे, असे म्हणून कोणी निर्धास्त झोपू नये. रखवालदार दमतो. उकिरडा मात्र वाढतच असतो.

आपल्या किनाऱ्यावर काय झाले?

ग्वामच्या वादळाची हकीगत मी मुद्दाम सांगितली, कारण तसेच काहीसे मी आपल्याकडे डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात माझी चूकही आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. माड, पोफळी, आंबे आडवे झाले. मी तेव्हा नवा होतो. गावोगाव फिरत होतो. एका वाडीत एक वयस्कर बागाईतदार होते, त्यांना सारे तात्या म्हणत. त्यांचे एकवीस माड पडले होते. मी सांगितले, “तात्या, पंचनामा होईपर्यंत खोडे हलवू नका.” तेवढे बरोबरच होते. पण पंचनामा झाल्यावर खोडे लगेच फोडून वाळवा, हे सांगायला मी परत गेलो नाही. दुसरी गावे होती, दुसरी कामे होती. तात्यांनी चार खोडे वाशांना आणि सरपणाला नेली, एकाचा पऱ्ह्यावर साकव टाकला. बाकीची कुंपणाकडेला ढकलून दिली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी चाळीस रोपे लावली. २०२२ च्या पावसात त्यांचा निरोप आला. मी गेलो तर रोपांच्या सुया कापलेल्या. अकरा रोपांचे कोंब गेले होते. मी पिशवीतून औषधाचे नाव काढू लागलो, तर तात्या म्हणाले, “सायेब, औषधाचा मागाहून बगू. आदी ह्ये बगा.” त्यांनी कुऱ्हाडीने कुंपणाकडचे एक खोड उलगडले. आतला सगळा भुसा झाला होता आणि त्यात पांढऱ्या जाड अळ्या वळवळत होत्या. एका खोडातून आम्ही घमेलेभर काढल्या. तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “वादळानं येकदाच पाडलं. ह्यांला तर मीच दोन वरसं पोसलं.”

खरे म्हणजे ते दोघांनी पोसले होते. सल्ला अर्धा देणारा मी आणि खोड टाकून देणारे ते. त्या दिवसापासून मी वाडीत गेलो की आधी गायरी आणि पडलेली खोडे बघतो, मग वर माडाकडे बघतो.

मग करावे काय?

पूर्वी शेंड्यात बी.एच.सी. पावडर आणि वाळू घालण्याची शिफारस असे. त्या औषधावर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. जुना डबा घरात उरला असेल तर वापरू नका. पुढील कामे मात्र प्रत्येकाला जमण्यासारखी आहेत.

१. मेलेला माड उभा ठेवू नका. तोडून फोडा, वाळवा, वापरा किंवा जाळा. बुंधाही खणून काढा. वादळानंतर पंचनामा होताच हे काम पहिले करावे.

२. गायरीचे खत दर दोन-तीन महिन्यांनी उलथा. अंड्यापासून भुंगा व्हायला चार-सहा महिने लागतात. मधे खत उलथले की अळ्या वर येतात. कोंबड्या सोडल्या तर त्या बाकीचे काम करतात. पावसाळ्यापूर्वी एकदा उलथणे तर चुकवूच नये, कारण जून ते सप्टेंबर हा भुंग्यांचा हंगाम.

३. ज्या ढिगात अळ्या सापडतात, त्यात मेटारायझियम बुरशी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीच्या प्रमाणात मिसळा आणि ढीग ओलसर ठेवा. कोरड्या ढिगात बुरशी वाढत नाही.

४. नारळ पाडायला पाडेली चढला की त्याच्याकडून शेंडा तपासून घ्या. भोकात लोखंडी आकडी घालून भुंगा ओढून काढावा. भोक बुजवताना निंबोळी पेंड आणि वाळू घालावी. यासाठी त्याला दोन पैसे जास्त द्या, ते वाया जात नाहीत.

५. लहान माडाच्या शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वर्षातून तीनदा घाला. किंवा बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वाळूने झाका आणि दर ४५ दिवसांनी बदला.

६. नर भुंगा ज्या वासाने इतर भुंग्यांना बोलावतो, तो वास शास्त्रज्ञांनी १९९५ साली ओळखला. त्याची गोळी लावलेले बादलीचे सापळे आता मिळतात. सापळा रोपांच्या मधोमध टांगू नका, नाहीतर पाहुणे तुम्हीच घरात बोलवाल. तो वाडीच्या कडेला, रोपांपासून दूर लावा आणि भुंगे नियमित काढून मारा.

शेवटचे सांगणे असे. यातले एकही काम एकट्याच्या वाडीपुरते करून पुरे होत नाही. भुंग्याला सातबारा कळत नाही, तो कुंपण ओलांडून शेजारी जातो. निउआतोपुतापुच्या लोकांनी सगळे बेट एक वाडी मानले, म्हणून ते जिंकले. आपल्या गावाने मे महिन्यातला एक रविवार ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक घराने आपली गायरी उलथावी आणि गावातली बेवारशी खोडे सर्वांनी मिळून फोडावीत. किती अळ्या निघाल्या ते मोजा आणि आम्हाला पत्राने कळवा. आपली पत्रे कार्यक्रमात जरूर वाचली जातील.

तात्यांची उरलेली एकोणतीस रोपे आज डोक्याच्या वर गेली आहेत. कुंपणाकडेला आता एकही खोड नाही.